टर्बो बसविला, पण इंजिनाच्या श्वासाचे काय?

आपल्या समाजातील बरेच तरुण गॅरेजच्या धंद्यात आहेत. शर्यतीच्या हौसेपायी साध्या पेट्रोल इंजिनावर टर्बो चढविण्याची कामे त्यांच्याकडेही येतात. काम उत्तम होते, गाडी सुसाट पळते. पण काही दिवसांतच ऑइल गळू लागते आणि सायलेन्सरमधून निळा धूर निघतो. मग ‘रिंगा गेल्या’, ‘टर्बो गेला’ असे निदान होते व गिऱ्हाइकाच्या खिशाला चाट बसते. पुष्कळदा खरा दोष एका लहानशा व्हॉल्व्हचा आणि नळीचा असतो.

इंजिन कितीही नवे असले तरी पेटलेल्या वायूचा थोडा अंश रिंगांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. यालाच मिस्त्री लोक बॅक कंप्रेशन म्हणतात. या वायूबरोबर पाण्याची वाफ आणि न जळलेले पेट्रोलही खाली जाते व त्यामुळे ऑइल खराब होते. वायू कोंडला तर दाब वाढून सील आणि पॅकिंगमधून ऑइल बाहेर येते. पूर्वी हा वायू नळीवाटे सरळ रस्त्यावर सोडीत. 1961 साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने तो पुन्हा इंजिनातच जाळण्याची सक्ती करण्याचे ठरविले. पी. सी. व्ही. व्हॉल्व्हचा प्रसार त्यातूनच झाला.

मूळ इंजिनात ही व्यवस्था सोपी असते. इंजिन आयडलवर असताना मॅनिफोल्डमध्ये ओढ असते. ती व्हॉल्व्हमधून क्रँककेसमधील वायू खेचून घेते आणि एअर फिल्टरकडील ब्रीदर नळीतून ताजी हवा आत येते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ओढ संपते व जास्तीचा वायू त्याच ब्रीदरमधून परत फिरतो.

टर्बो लागला की चित्र उलटते. दाबलेली हवा मॅनिफोल्डमध्ये भरते. व्हॉल्व्ह नीट बंद होत नसेल तर ती थेट क्रँककेसमध्ये शिरते. शिवाय दाब वाढल्यामुळे बॅक कंप्रेशनही वाढते. टर्बोचे ऑइल केवळ उतारानेच चेंबरमध्ये परतते. खाली दाब असला की ते अडते आणि टर्बोच्या सीलमधून बाहेर पडून धूर होतो. टर्बो चांगला असूनही दोषी ठरतो!

यावर उपाय पुढीलप्रमाणे आहेत :

1) पी. सी. व्ही. नळीत दाब सहन करणारा एकमार्गी व्हॉल्व्ह बसवावा.

2) टॅपेट कव्हरवरील ब्रीदर नळी रुंद ठेवावी आणि टर्बोच्या अलीकडे, फिल्टरनंतर जोडावी. तेथे ओढ मिळते.

3) मध्ये जाळी असलेली बंद टाकी बसवावी, म्हणजे ऑइल तीत अडकेल. ऑइलचे थेंब सिलिंडरमध्ये गेले तर इंजिन नॉकिंग करते व पिस्टनला धोका पोहोचतो. टाकी वेळोवेळी रिकामी करावी. त्यातील घाण पुन्हा इंजिनात ओतू नये, गटारातही टाकू नये.

4) टर्बोची परतीची नळी सरळ उताराची असावी आणि ती ऑइलच्या पातळीच्या वर उघडावी.

शर्यतीच्या गाड्यांत ब्रीदर उघडा ठेवल्यास आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या नियमांनुसार 2000 सी. सी. पर्यंतच्या इंजिनाला किमान 2 लिटरची व त्यापुढे 3 लिटरची टाकी लागते. रस्त्यावरच्या पेट्रोल गाडीत मात्र हा वायू बाहेर सोडणे प्रदूषणाच्या नियमांत बसत नाही. शिवाय मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 अन्वये गाडीच्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. म्हणून गाडी रस्त्यावर चालणार की फक्त ट्रॅकवर, हे काम घेण्याआधीच विचारावे आणि गिऱ्हाइकाला कायदा समजावून सांगावा.

धूर दिसताच इंजिन खोलू नये. आधी आयडलवर ऑइलच्या तोंडाशी पातळ कागद धरावा. तो हलकेच ओढला जात असेल तर आयडलची व्यवस्था ठीक आहे. उडत असेल तर दाब कोंडतो आहे. त्यानंतर डिपस्टिकच्या नळीला गेज लावून टर्बोच्या दाबाखालीही तपासावे. नंतर कंप्रेशन मोजावे. सर्व सिलिंडरचे कंप्रेशन योग्य व सारखे आले तर रिंगांना दोष देण्याची घाई करू नये.

गिऱ्हाइकाला इंजिनातले काही कळत नाही. तो आपल्या शब्दावर विसंबतो. हा विश्वास म्हणजे अमानत आहे. स्वस्त नळीचा दोष लपवून महागडा टर्बो विकणे ही धंद्यातील हुशारी नव्हे, खियानत आहे. अशा कमाईत बरकत कोठून येणार?