दोन संगणक आणि एक सामायिक फोल्डर

दक्षिण दिल्लीतील मुनिरका हे मूळचे एक खेडे. १९६९ साली जवाहरलाल नेहरू विद्यापीठ स्थापन झाले, त्याचा परिसर या गावाशेजारी वसला आणि हळूहळू गावातील घरांवर मजले चढत गेले. आज तेथील अरुंद गल्ल्यांत देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेले विद्यार्थी व नोकरदार भाड्याच्या खोल्यांत राहतात.

समजा, अशाच एका खोलीत महाराष्ट्रातून शिक्षणासाठी आलेले बहीण-भाऊ राहतात. बहिणीच्या संगणकावरील एका फोल्डरमध्ये तिच्या प्रबंधाची प्रकरणे, दोघांच्या गुणपत्रिका व ओळखपत्रांच्या प्रती आहेत. भावाला आपल्या लॅपटॉपवरून गुणपत्रिका हवी आहे. परंतु फोल्डर उघडत नाही. अशा वेळी सर्व बंधने काढून टाकण्याचा मोह होतो. वस्तुतः फोल्डर न उघडण्याची कारणे मोजकीच असतात. ती क्रमाने तपासली, तर बंधने न काढताही काम होते.

प्रथम दोन्ही संगणक एकाच जाळ्यात, म्हणजे नेटवर्कमध्ये, आहेत का ते पाहावे. राऊटर प्रत्येक संगणकाला आकड्यांचा एक पत्ता देतो. विंडोज प्रणालीत ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा दिल्यावर तो दिसतो. बहुतेक घरगुती जाळ्यांत पत्त्याचे पहिले तीन भाग सारखे असतात, उदाहरणार्थ, १९२.१६८.१.५ आणि १९२.१६८.१.८. एक संगणक राऊटरवर आणि दुसरा मोबाईलच्या हॉटस्पॉटवर असेल, तर त्यांची गाठ पडणार नाही.

त्यानंतर संगणक इतरांना दिसतो का, ते तपासावे. विंडोज प्रत्येक जाळ्याला ‘पब्लिक’ किंवा ‘प्रायव्हेट’ मानते. ‘पब्लिक’ जाळ्यात संगणक स्वतःला लपवून ठेवतो. स्वतःच्या घरातील जाळे ‘प्रायव्हेट’ ठरवून फाइल शेअरिंगची सोय सुरू केली, की ही अडचण दूर होते. मात्र घरमालकाने सर्व भाडेकरूंना मिळून एकच वाय-फाय दिले असेल, तर ते जाळे आपले खाजगी नव्हे. तेथे संगणक उघडा केल्यास तो शेजारच्या खोल्यांनाही दिसेल. अशा ठिकाणी आपल्या खोलीपुरता वेगळा लहान राऊटर बसवणे हिताचे ठरते. त्याच्या आडचे संगणक बाहेरच्यांना सहजासहजी गाठता येत नाहीत.

संगणकाच्या नावाने फोल्डर सापडत नसेल, तर फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन पुढे आकड्यांचा पत्ता लिहावा. तसे केल्यावर फोल्डर उघडला, तर दोष फक्त नाव ओळखण्यात आहे असे समजावे.

संगणक सापडला, पण ‘प्रवेश नाकारला’ असा संदेश आला, तर प्रश्न परवानगीचा असतो. येथे दोन परवानग्या लागतात : एक फोल्डर जाळ्यावर ठेवण्याची आणि दुसरी त्या फोल्डरची स्वतःची. दोहोंपैकी जी अधिक कडक, ती लागू होते. शिवाय खात्याला पासवर्ड असावा लागतो. रिकामा पासवर्ड विंडोज जाळ्यावरून सहसा स्वीकारत नाही आणि संगणक उघडण्याचा चार आकडी पिन येथे उपयोगी पडत नाही. बहिणीने आपल्या संगणकावर भावासाठी पासवर्डसह वेगळे खाते उघडावे, गुणपत्रिका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात आणि त्या खात्याला तेवढाच फोल्डर वाचण्याची परवानगी द्यावी. प्रबंध व ओळखपत्रे मग आपोआप सुरक्षित राहतात.

शेवटचे कारण जुन्या संगणकांचे. विंडोज संगणक फाइलींची देवाणघेवाण ‘एसएमबी’ नावाच्या नियमावलीनुसार करतात. विंडोज एक्सपीला तिची केवळ पहिली आवृत्ती कळते. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने याच आवृत्तीतील उणिवेचा फायदा घेतला. सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांना त्याची बाधा झाली आणि ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत झाले. ही उणीव दूर करणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच दिली होती; ज्यांनी ती बसवली नाही, त्यांना मोठा फटका बसला. त्याच वर्षाच्या अखेरीपासून नव्या विंडोजमध्ये ती जुनी आवृत्ती मुळातच बसवलेली नसते. म्हणून एक्सपीवरील फोल्डर उघडण्यासाठी ती पुन्हा सुरू करू नये. त्यातील कामाच्या फाइली पेन ड्राइव्हवर घ्याव्यात, विषाणूसाठी तपासाव्यात आणि जुना संगणक जाळ्यापासून दूर ठेवावा.

फोल्डर उघडत नाही, तेव्हा अनेकजण फायरवॉल बंद करून पाहतात. त्याने फोल्डर कदाचित उघडेलही. पण कारण कळत नाही आणि संगणक मात्र असुरक्षित होतो. प्रवेश नाकारणारा संगणक पुष्कळदा बिघडलेला नसतो, तो आपले काम करत असतो. योग्य व्यक्तीला योग्य तेवढीच परवानगी देणे आणि गरज संपल्यावर ती काढून घेणे, हाच त्यावरचा खरा उपाय होय.