वरणाचं पाणी नव्हे, वरण

उष्टावण झालं की बाळाच्या वाटीत पहिल्यांदा येतं ते बहुधा वरणाचं पाणी, नाहीतर पातळ पेज. ‘दात नाहीत, घशात अडकेल, हलकंच बरं’ असं घरातली मोठी माणसं सांगतात आणि आई ते ऐकते. मायेनेच भरवलेल्या या वाटीत डाळ मात्र तळाशीसुद्धा नसते.

बाळाच्या पोटात एका वेळी वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० मिलिलिटर मावतं. म्हणजे सात किलोच्या बाळाचं पोट २०० मिलिलिटरच्या आसपास भरतं. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय वरच्या अन्नातून रोज सुमारे २०० कॅलरी लागतात, पहिल्या वाढदिवसानंतर ५५०. शिवाय जन्मतःच मिळालेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतो आणि अंगावरच्या दुधात लोह अगदी थोडं असतं. पाण्यानेच पोट भरलं की बाळ तोंड फिरवतं. आईला वाटतं, जेवलं.

हे आईला नेमकेपणाने सांगितलं तर फरक पडतो का? पेरू देशातल्या त्रुहियो शहराच्या गरीब वस्त्यांमध्ये संशोधकांनी तेच तपासलं. त्यांनी अन्न वाटलं नाही. बाळ लसीकरणासाठी येवो की वजनासाठी, आरोग्य केंद्रातल्या प्रत्येकाने आईला त्याच मोजक्या गोष्टी सांगायच्या: सूप नको, घट्ट लगदा द्या, त्यात कोंबडीची कलेजी, अंडं किंवा मासा घाला, प्रेमाने, धीराने भरवा. पदार्थ करूनही दाखवले. २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. अठराव्या महिन्यात या केंद्रांच्या भागात उंची खुंटलेली मुलं ५ टक्के होती, इतर केंद्रांच्या भागात १६ टक्के.

हा निकाल थक्क करणारा आहे, पण तो जसाच्या तसा सगळीकडे मिळत नाही. हरियाणाच्या खेड्यांत असाच प्रयोग झाला. तिथे मुलांचं खाणं सुधारलं, उंचीत मात्र अर्ध्या सेंटिमीटरहूनही कमी फरक पडला. त्रुहियोच्या बाजारात कलेजी स्वस्त होती. जिथे अंडं विकत घेणंच जड जातं, आई दिवसभर मजुरीवर असते किंवा बाळाला वरचेवर जुलाब होतात, तिथे सल्ल्याची ताकद तोकडी पडते. म्हणूनच कुपोषणाचं खापर एकट्या आईच्या ‘अज्ञाना’वर फोडणं अन्यायाचं आहे.

महाराष्ट्रात २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी आढळली. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून सात महिन्यांच्या बाळापासून अंडी देण्याची तरतूद आहे. ते अंडं कुस्करून त्या सात महिन्यांच्या बाळाच्या तोंडात जातं का, की ‘उष्ण पडेल’ म्हणून मोठ्या भावंडाच्या वाट्याला येतं, यावर बरंच काही ठरतं. अंगणवाडीतल्या भिंतीवरच्या तक्त्यापेक्षा तिथेच शिजवलेलं खिमट आईला अधिक शिकवतं. चमचा तिरका केला तरी ते पटकन ओघळता कामा नये. वर चमचाभर तेल किंवा तूप घालावं.

असं प्रात्यक्षिक अंगणवाडीत असेल तेव्हा बाळाच्या आईबरोबर आजीला आणि वडिलांनाही आवर्जून बोलवा. वाटीत काय पडायचं, हे पुष्कळ घरांत तेच ठरवतात.