शिक्षकाचे मनोबल आणि शाळेची रचना

एखादा शिक्षक वर्षानुवर्षे उत्साहाने काम करीत राहिला, तर त्याचे श्रेय सामान्यतः त्याच्या स्वभावास दिले जाते. तो खचला, तर दोषही स्वभावाकडेच जातो. परंतु आघातानंतर स्वतःस सावरण्याची शक्ती ही केवळ जन्मजात देणगी नव्हे. पुष्कळ अंशी ती कामाच्या मांडणीवर व सहकाऱ्यांच्या सोबतीवर अवलंबून असते. शिक्षकांनी या व्यवसायात दीर्घकाळ टिकून राहावे अशी अपेक्षा असेल, तर उपदेशापेक्षा या दोन गोष्टींकडे अधिक लक्ष पुरविणे अगत्याचे आहे.

दिवसभराच्या श्रमाने येणारा थकवा आणि मनाचा शिणवठा यांत भेद केला पाहिजे. पहिला रात्रीच्या विश्रांतीने जातो. दुसरा सुटीनंतरही उरतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तिना मास्लाख व सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये या शिणवठ्याचे मापन करण्याची पद्धती प्रसिद्ध केली. तीत त्याची तीन अंगे सांगितली आहेत: भावना आटून जाणे, ज्यांच्यासाठी काम करावयाचे त्या माणसांविषयी कोरडेपणा येणे, आणि आपल्या हातून काही साध्य होत आहे ही जाणीव मावळणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या अवस्थेची नोंद व्याधी म्हणून न करता कामाशी निगडित घटना म्हणून केली. उपाय केवळ व्यक्तीत न शोधता कामाच्या ठिकाणीही शोधला पाहिजे, असा याचा अर्थ होय.

पनवेल तालुक्यातील कोन या गावाचा परिसर या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. पळस्पे फाट्याच्या पुढे, जुन्या मुंबई-पुणे महामार्गालगतचा हा मुलूख मूळचा भातशेतीचा. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, गिरणी कामगारांसाठी २०१६ मध्ये सोडत काढलेली घरे कोन येथेच आहेत, आणि २०२५ मध्ये तालुक्यात विमानतळाचे उद्घाटन झाले. अशा झपाट्याने बदलणाऱ्या प्रदेशातील वर्गात जुन्या गावकऱ्यांची, आदिवासी वाड्यांवरची आणि बांधकामाच्या कामावर दूरवरून आलेल्या मजुरांची मुले शेजारी शेजारी बसतात. मजुराचे मूल वर्षाच्या मध्येच दाखल होते. त्याची बोली निराळी असते. ते जरा वाचू लागते न लागते तोच काम संपते व कुटुंब पुढच्या गावी जाते. शिक्षकाने पेरलेले उगवते, पण ते पाहावयास तो तेथे नसतो. शिणवठ्याचे जे तिसरे अंग वर सांगितले, त्याचे मूळ पुष्कळदा अशा न दिसणाऱ्या फळात असते.

त्यात शाळेच्या मनुष्यबळाचे गणित मिसळते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे साठपर्यंत पटाच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक मिळतात. त्यांपैकी एक बैठकीस वा प्रशिक्षणास गेला, की उरलेल्यावर सर्व इयत्तांचा भार येऊन पडतो. याच कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांखेरीज शिक्षणबाह्य कामे शिक्षकांवर सोपविण्यास मनाई केली आहे. तथापि माहिती भरणे, तक्ते पाठविणे व पोषण आहाराचे हिशेब ठेवणे ही कामे शाळेचीच मानली जात असल्याने ती या मनाईच्या कक्षेबाहेर राहतात. कायद्याने आठवड्याचे किमान ४५ तास ठरविताना पाठाच्या तयारीचा वेळही त्यांत धरला आहे. व्यवहारात सर्वांत आधी हाच वेळ खर्ची पडतो.

सोबतीचे महत्त्व ठाणे जिल्ह्याच्या (आजच्या पालघरच्या) एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा मुलांस वा स्वतःस दोष देत न बसता या दोघींनी शाळाच मुलांच्या अंगणात आणि गुरे चारण्याच्या कुरणात नेली. अपयशाचे रूपांतर त्यांनी अभ्यासविषयात केले. १९७३ मध्ये ताराबाई निवर्तल्या. अनुताई १९९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत कार्यरत राहिल्या. त्यांची निष्ठा असामान्य होतीच. पण अडचण बोलून दाखविण्यास जाणते माणूस जवळ असणे आणि पद्धत बदलण्याची मुभा असणे, या दोन गोष्टी त्या निष्ठेस आधारभूत ठरल्या.

हाच आधार सामान्य शाळेतील शिक्षकास देता येईल. महाराष्ट्रात सुमारे दहा शाळांचे एक केंद्र असते व केंद्रातील शिक्षक शिक्षणपरिषदेसाठी एकत्र येतात. तेथील वेळ परिपत्रके वाचण्यात न दवडता एखाद्या शिक्षकाने आपल्या वर्गातील खरी अडचण मांडावी व इतरांनी तिचा विचार करावा, असा प्रघात पाडता येईल. मात्र तेथे बोललेले गोपनीय अहवालात जाणार नाही याची हमी हवी. नवा शिक्षणसेवक तीन वर्षे मानधनावर काम करतो. प्राथमिक शाळेतील हे मानधन २०२३ मध्ये दरमहा सहा हजारांवरून सोळा हजार रुपये झाले. या काळात त्याला एक अनुभवी सोबती नेमून द्यावा. स्थलांतरित मुलाबरोबर त्याच्या प्रगतीची नोंद जावी आणि पुढील शाळेने पहिल्या शाळेस त्याची वार्ता कळवावी. यास खर्च फारसा नाही; परंतु आपले श्रम वाया गेले नाहीत हे शिक्षकास त्यातून कळेल.

युनेस्को व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या १९६६ च्या शिफारशीत शिक्षकाच्या कामाची परिस्थिती परिणामकारक अध्ययनास पोषक असावी, हे तत्त्व मान्य केले आहे. शिक्षकाचे स्वास्थ्य ही त्याच्यावर केलेली मेहेरबानी नसून मुलांच्या शिक्षणाची पूर्वअट आहे. शिक्षकाने धीर धरावा असे म्हणण्याचा अधिकार त्यास धीर देणारी व्यवस्था उभारणाऱ्यांनाच पोहोचतो.