गच्चीवरचे विमान

गोरव्याच्या औद्योगिक वसाहतीत कामासाठी फेऱ्या मारणारा माझा एक शिष्य आहे. तबला बरा वाजवतो. त्याला हवे काय, तर स्वतःचे छोटे विमान! घरचे हसतात, मला हसू येत नाही.

विमानाची गोष्ट निघाली की आपल्याकडे तळपद्यांचे नाव निघते आणि १८९५ च्या त्या उड्डाणाला सयाजीराव महाराजांना नेऊन बसवतात. त्याला भक्कम पुरावा नाही. पुराव्याची गोष्ट कांदिवलीची आहे. वैमानिक अमोल यादव यांनी तेथे राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले, हा त्यांचा तिसरा प्रयत्न. पहिला १९९८ चा. विमान काही जिन्याने उतरत नाही! तरी फेब्रुवारी २०१६ मध्ये ते मुंबईच्या प्रदर्शनात लोकांपुढे आले.

बांधण्याहून कठीण ठरला तो सरकारी कागद. नोंदणी झाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, उडवून पाहण्याची परवानगी मिळाली ऑक्टोबर २०१९ मध्ये. फैयाज खाँसाहेबांना बडोदे दरबारचा पगार होता; अशा छंदाला कोणता दरबार पगार देणार? पोटासाठी यादवांनी जेट एअरवेजमध्ये वैमानिकी केली. तीही कंपनी एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली आणि हजारो माणसे एका रात्रीत बेकार झाली. त्यांत विमान चालवणारेही होते, हे आमच्या शिष्याला मुद्दाम सांगितले.

गच्चीवरचे ते विमान २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून उडाले.