साखळीभर सरकलेलं शिवार

शिरूर किंवा दौंडच्या बाजारात कुणालाही विचारा, गुंठा म्हणजे किती? एक हजार एकोणनव्वद चौरस फूट, हे उत्तर तोंडपाठ असतं. हजार नाही, अकराशे नाही, नेमका १०८९ हाच आकडा कुठून आला, हे मी कित्येक वर्षं कुणाला विचारलं नव्हतं. उत्तर सापडलं त्या दिवशी हरखून गेलो. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९. इंग्रजी अमदानीतल्या मोजणीदाराकडे ३३ फुटांची साखळी असे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, तो एक गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. साखळ्या केव्हाच अडगळीत गेल्या, पण जमिनीचा भाव सांगताना आपण आजही साखळीच्याच मापात बोलतो.

त्या साखळीचे सोळा आणे पडत. रुपयाचे सोळा, तसेच साखळीचेही सोळा. एक आणा म्हणजे दोन फुटांहून थोडा जास्त, साधारण ६३ सेंटिमीटर. मोजणीचं जुनं टिपण उघडलं की शेताच्या कच्च्या आकृतीवर हेच साखळ्या-आण्यांचे आकडे दिसतात. ही पद्धत घडली तीही आपल्या शेजारच्या रानात. ब्रिटिश अधिकारी गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात नव्याने मोजणी आणि आकारणी हाती घेतली, आणि तीच पुढे मुंबई इलाख्यात पसरली. आजच्या दौंड तालुक्याचं नाव त्या काळी भीमथडी, तट्टांसाठी नावाजलेली. भीमा नदीच्या उत्तरेला शिरूर, दक्षिणेला दौंड, आणि दोन्हीकडे उन्हातान्हात साखळी ओढत बांधाबांधाने फिरलेली माणसं.

आता मोजणीला आलेला भूकरमापक गाडीतून दोन मीटरची काठी काढतो. काठीच्या डोक्यावर ताटलीएवढा अँटेना, कमरेच्या उंचीवर छोटा पडदा. याला रोव्हर म्हणतात. तो बांधावर काठी उभी धरतो, पातळीचा बुडबुडा मधोमध आणतो आणि थांबतो. पडद्यावर ‘फ्लोट’ असतं. काही क्षण जातात. मग ‘फिक्स’ येतं, आणि त्या काठीचं टोक पृथ्वीवर नेमकं कुठे टेकलंय हे दोन-तीन सेंटिमीटरच्या आत कळतं. साखळीच्या एका आण्यात अशी वीसेक मापं बसतील.

या काही क्षणांत जे घडतं ते मला अजूनही अद्भुत वाटतं.

वर २०,२०० किलोमीटरवर जीपीएसचे उपग्रह फिरतात. आपल्या ‘नाविक’चे उपग्रह त्याहून वर, सुमारे ३६,००० किलोमीटरवर. प्रत्येकाच्या पोटात अणुघड्याळ असतं. उपग्रह सतत एकच गोष्ट सांगत असतो: मी अमुक ठिकाणी आहे आणि आत्ता इतके वाजलेत. हा निरोप खाली पोचायला जीपीएसकडून सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो, नाविककडून आठवा. किती उशीर झाला हे कळलं की अंतर निघतं. तीन उपग्रहांवरून जागा ठरते आणि रोव्हरचं स्वतःचं साधं घड्याळ किती चुकतंय ते चौथा सांगतो. म्हणजे इथे जमीन मोजली जाते ती वेळेने. प्रकाशाला एक फूट जायला जवळजवळ एक नॅनोसेकंद लागतो, सेकंदाचा अब्जावा भाग. गुंठ्याची एक बाजू, ती जुनी ३३ फुटांची साखळी, तो साडेतेहतीस नॅनोसेकंदांत ओलांडतो. नवी साखळी प्रकाशाची आहे आणि तिचे आणे काळाचे आहेत.

म्हणून घड्याळ चुकून चालत नाही. जीपीएसचा उपग्रह वेगाने धावतो म्हणून त्याचं घड्याळ दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडतं, आणि तो पृथ्वीच्या ओढीपासून दूर आहे म्हणून ४५ मायक्रोसेकंद पुढे जातं. हिशेब मांडला तर ३८ पुढे. आइन्स्टाइनने कागदावर काढलेला हा फरक आधीच वजा केला नसता, तर एका दिवसात अंतरांत सुमारे ११ किलोमीटरची चूक साठली असती आणि दौंडचं रान कुरकुंभच्या आसपास दिसू लागलं असतं. भारत हा धडा महागात शिकलाय. २०१३ पासून सोडलेल्या नाविकच्या उपग्रहांतली परदेशातून आणलेली अणुघड्याळं एकामागून एक बंद पडली. मग अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात रुबिडियमचं देशी घड्याळ घडलं आणि २९ मे २०२३ रोजी एनव्हीएस-०१ उपग्रहाबरोबर वर गेलं. जानेवारी २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याच्या शंभराव्या उड्डाणाने नेलेला पुढचा उपग्रह मात्र ठरल्या कक्षेत पोचू शकला नाही. हे काम अजून अर्ध्यावर आहे.

आणि तो निरोप खाली येतो तेव्हा किती क्षीण असतो! एका वॉटचे एक कोटी भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा शंभर कोटी करा, जवळपास तेवढा. तो भोवतालच्या गोंगाटात पुरता बुडालेला असतो. रांजणगावच्या यात्रेतल्या कल्लोळात दूरवर कुणी आपल्या ओळखीचा अभंग गुणगुणतंय आणि चाल पाठ आहे म्हणून तेवढाच कानाला लागतोय, तसं रोव्हर पाठ असलेल्या सांकेतिक चालीवरून उपग्रह ओळखतो. शेजारच्या जुन्नर तालुक्यात, खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण आहे. दूरच्या आकाशगंगांचे रेडिओतरंग ऐकणाऱ्या त्या दुर्बिणीला हेच उपग्रह भयंकर कर्कश वाटतात, कारण त्यांच्या काही वारंवारता तिच्या वरच्या पट्ट्यात येतात. आपल्याला जो कानोसा घेऊन ऐकावा लागतो, तो तिच्या कानाशी वाजणारा भोंगा.

साध्या मोबाइलची चूक काही मीटरची, रोव्हरची काही सेंटिमीटरची. हा फरक दोन गोष्टींमुळे पडतो. रोव्हर निरोपाबरोबर तो वाहून आणणारी लाटही मोजतो. ही लाट १९ सेंटिमीटरची, आणि उपग्रहापासून बांधापर्यंत अशा दहा कोटींहून जास्त पूर्ण लाटा बसतात. त्या नेमक्या किती, हे कोडं सुटलं की ‘फिक्स’. ते सुटायला मदत करतं दूर कुठेतरी इमारतीवर न हलता बसलेलं कॉर्स केंद्र. भारतीय सर्वेक्षण विभागाने महाराष्ट्रात अशी ७७ केंद्रं उभारली. आपण कुठे आहोत हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे वातावरणाने आज निरोप किती लांबवला ते त्यांना कळतं, आणि ती दुरुस्ती इंटरनेटवरून काठीपर्यंत येते.

खरं आश्चर्य तर त्या ‘न हलता बसलेलं’मध्ये आहे. ते केंद्र हलतं. शिरूर हलतं, दौंड हलतं, भीमा आपल्या थडीसकट हलते. भारताची भूमी दरवर्षी साधारण पाच सेंटिमीटर ईशान्येला सरकते. विंगेटच्या मोजणीला १९० वर्षं होत आली. गुणाकार करून पाहा: साडेनऊ मीटर. साखळी दहा मीटरची. त्या पहिल्या मोजणीपासून हे सगळं शिवार, विहिरी, देवळं, बांध आणि म्हसोबाच्या दगडासकट, जवळजवळ एक साखळीभर सरकलंय!

भाऊबंदांचा वाद यात वाढत नाही, कारण शेजाऱ्याचं रानही तेवढंच सरकलं. पण उपग्रहाच्या दृष्टीने बांधाच्या दगडाचे अक्षांश-रेखांश तारखेशिवाय अपुरे आहेत. गावठाणांच्या मोजणीची स्वामित्व योजना २०२० मध्ये देशभर सुरू होण्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीचं गावठाण ड्रोनने मोजून पाहिलं होतं. तेव्हापासून सोनोरीही फूटभर पुढे गेली आहे.

हे समजणारा माणूस कुठे तयार व्हायचा? उपग्रह म्हटलं की आपली नजर बंगळूर-श्रीहरिकोट्याकडे जाते. माझं म्हणणं असं की या तंत्राचा निम्मा कस बांधावर लागतो. आयटीआयचा सर्वेक्षक ट्रेड किंवा स्थापत्याची पदविका करून जी मुलं-मुली भूकरमापक होतात, त्यांच्या हातात आज जगातलं एक अत्यंत सूक्ष्म मापनयंत्र आहे. त्यांना ते चालवायला शिकवलं जातं. त्याच्यावर कधी विश्वास ठेवू नये, हेही तितक्याच निगुतीने शिकवायला हवं. बारा फूट वाढलेल्या उसात आकाश झाकलं जातं. गोठ्याच्या पत्र्यावर आपटून आलेला निरोप खोटं अंतर सांगतो. सूर्यास्तानंतर आपल्या अक्षांशांवर वातावरणाचा वरचा थर, आयनांबर, खवळतो. मे २०२४ मधल्या सौरवादळात अमेरिकेतले उपग्रहावर चालणारे ट्रॅक्टर ऐन पेरणीत भरकटले होते. पडद्यावरचा आकडा अशा वेळीही रुबाबात उभा असतो. तो नाकारायला भूगणित कळावं लागतं, आणि ते भूगणित मराठीत, शिरूरच्या किंवा दौंडच्या वर्गात, शेताची उदाहरणं घेऊन शिकवलेलं मला पाहायचंय. कामही काही मोजणीपुरतं नाही. दौंड जंक्शनातून जाणाऱ्या रेल्वेची इंजिनं आता उपग्रहाकडून आपली जागा घेऊन कळवतात. फवारणीचे ड्रोन आहेत. २००९ मध्ये शिरूरला लागून असलेल्या पारनेर तालुक्यात विहिरीत पडलेल्या बिबट्याला पट्टा बांधून माळशेजला सोडलं, तेव्हा तो सव्वाशे किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला हेही अशाच उपग्रहांनी सांगितलं. ‘आजोबा’ नावाने आपण त्याला ओळखतो.

तरी सगळ्यात अवघड काम बांधावरचंच. रोव्हर सांगतो काठी कुठे आहे. हद्द कुठे आहे हे तो सांगू शकत नाही. ते टिपणात आहे, साखळी-आण्यांत, कुण्या मोजणीदाराने शाईने लिहिलेलं. नंतरच्या एकत्रीकरणाने गट बदलले, नांगराने बांध कोरला गेला, ओढ्याने पात्र हलवलं. या सगळ्यातून जुनी खूण शोधावी लागते.

म्हणून हद्दकायम मोजणीच्या दिवशी आधी फावडं चालतं. टिपणातल्या मापावरून अंदाज घेत दोन्हीकडचे लोक तोंड न उघडता खणत असतात. हातभर माती निघते आणि पातं दगडावर वाजतं. माती झटकली जाते. भूकरमापक पुढे होते, काठीचं टोक दगडाच्या माथ्यावर टेकवते, बुडबुडा मधोमध आणते आणि थांबते. सगळे जण पडद्याकडे पाहत असतात. फ्लोट. फ्लोट. फिक्स.