टाकी अर्धी रिकामी, तरी पंपावर नोझल सारखं ‘खट्’ करून बंद का होतं?

पेट्रोल पंपावर मागे रांग लागलीये. नोझल गाडीत घातलं, दोनशे रुपयांचं पेट्रोल गेलं आणि खट्! पंपावरच्या दादाने पुन्हा दाबलं, पुन्हा खट्. मागून हॉर्न सुरू. अशा वेळी डोक्यात पहिली शंका येते की पंपातच काहीतरी गडबड आहे. कधीकधी ते खरंही असतं. पण प्रत्येक पंपावर हेच होत असेल, तर दुखणं तुमच्या गाडीत आहे. आणि बहुतेक वेळा ते पेट्रोलचं नसून हवेचं असतं.

टाकी भरली हे नोझलला कळतं कसं?

नोझलच्या टोकाजवळ एक बारीक भोक असतं. त्यातून एक छोटी नळी हँडलपर्यंत जाते. पेट्रोल वाहत असताना या नळीतून हवा ओढली जात असते. टाकी भरत आली की पेट्रोल त्या भोकापर्यंत चढतं, हवा मिळणं थांबतं, हँडलमधला पडदा ओढला जातो आणि खटका पडतो. यालाच आपण ‘ऑटो कट’ म्हणतो. यात विजेचा काही संबंध नाही.

म्हणजे टाकीत किती पेट्रोल आहे, हे नोझलला कळतच नाही. आपल्या तोंडाशी पेट्रोल आलंय, एवढंच त्याला कळतं.

मग अर्ध्या टाकीत पेट्रोल तोंडाशी येतं कशाला?

अरुंद तोंडाच्या बाटलीत नरसाळं घट्ट बसवून तेल ओतून बघा. आतली हवा बाहेर येऊ शकत नाही, म्हणून तेल नरसाळ्यातच थांबतं. नरसाळं जरा उचललं की भसकन खाली जातं. गाडीचंही तेच. टाकीत १० लिटर पेट्रोल जायचं असेल, तर १० लिटर हवा आणि वाफ बाहेर यायला हवी.

त्यासाठी पेट्रोल भरायच्या मोठ्या पाइपाला लागून एक बारीक नळी असते. शिवाय पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा, म्हणजे चारकोल कॅनिस्टर असतो. इंजिन सुरू असताना तो ही वाफ इंजिनात जळायला पाठवतो. अमेरिकेतल्या गाड्यांमध्ये तर पेट्रोल भरतानाची वाफही या डब्यातच जाते. नळी दबली, चिखलाने बुजली किंवा डबा चोंदला, की हवा अडते आणि पेट्रोल उलटं तोंडाशी येतं.

कोळ्यांमुळे गाड्या परत मागवल्या!

ही वाट किती महत्त्वाची आहे, हे माझदा कंपनीला विचारा. २०११ मध्ये कंपनीने अमेरिकेत ‘माझदा ६’ या हजारो गाड्या परत मागवल्या. कारण होतं कोळी! ते कॅनिस्टरच्या हवेच्या नळीत जाळं विणत होते. हवा अडल्याने टाकीवर ताण येऊन तिला तडा जाण्याचा आणि पेट्रोल गळून आग लागण्याचा धोका होता. २०१४ मध्ये याच कारणासाठी पुन्हा गाड्या मागवाव्या लागल्या.

आपल्याकडे महिनोन्‌महिने पार्किंगमध्ये उभी असलेली गाडी असेल, तर हे लक्षात ठेवा.

दोष पंपाचा की गाडीचा? असं ओळखा

१. नोझल थोडं बाहेर ओढून किंवा जरा फिरवून बघा. पेट्रोल हळू सोडायला सांगा. काम झालं, तर कदाचित फक्त वेग किंवा कोन चुकत होता.

२. पुढच्या वेळी दुसऱ्या पंपावर जा. तिथे नीट भरलं, तर आधीच्या नोझलमध्ये दोष असू शकतो.

३. सगळीकडे तेच झालं, तर गॅरेजमध्ये फक्त ‘पेट्रोल जात नाही’ असं सांगू नका. हवेची नळी आणि कॅनिस्टर तपासायला सांगा. नळी साफ करून काम भागलं, तर खर्च थोडक्यात आटोपतो.

४. पेट्रोल भरल्यावर गाडी लगेच सुरू होत नाही, पेट्रोलचा वास येतो, चेक इंजिनचा दिवा लागतो? मग कॅनिस्टर किंवा त्याच्या व्हॉल्व्हवर शंका घ्या.

डिझेल गाडीत आणखी एक कारण असतं, फेस. डिझेल जोरात सोडलं की फेस नोझलपर्यंत येतो. तिथेही उपाय एकच, हळू भरा.

‘राउंड फिगर करू का?’ याला नाही म्हणा

टाकी खरोखर भरल्यावरही आपण आणखी ४०-५० रुपयांचं पेट्रोल कोंबायला लावतो. हे जास्तीचं पेट्रोल कॅनिस्टरमध्ये शिरू शकतं. तो डबा वाफेसाठी आहे, पेट्रोलने भिजला की कोळसा निकामी होतो. म्हणजे आज केलेली राउंड फिगर उद्या गॅरेजच्या बिलात दिसते.

आणि हो, नोझल मध्येच बंद झालं की मीटरवरचा आकडा बघून ठेवा. या थांबा-सुरू करण्याच्या गोंधळातच हिशोब चुकतो. मापाबद्दल शंका असेल, तर पंपावरच्या ५ लिटरच्या प्रमाणित मापाने मोजून दाखवा, असं तुम्ही हक्काने सांगू शकता.