अपराधभावना आणि निर्मितीचा आनंद

साहित्याची वा कलेची साधना करणाऱ्या पुष्कळांच्या अनुभवास येणारी, परंतु आपल्या समीक्षेने क्वचितच विचारात घेतलेली अशी एक अवस्था आहे. लेखक लिहावयास बसतो आणि त्याच क्षणी आपण घरातील कोणाचा तरी वेळ चोरीत आहोत, असे त्यास वाटू लागते. न लिहावे, तर अंगच्या गुणाशी प्रतारणा केल्याची टोचणी लागते. अशा रीतीने दोन्हीकडून अपराधी ठरलेला मनुष्य अखेरीस वही मिटून ठेवतो. या अवस्थेचे स्वरूप काय आणि तीतून सुटका कशी होते, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

प्रथम अपराध आणि अपराधभावना यांतील भेद लक्षात घेतला पाहिजे. अपराध हे कृत्य आहे. त्याला काळ, स्थळ आणि परिमाण असते. म्हणूनच धर्मशास्त्राने सांगितलेल्या प्रायश्चित्तांनाही शेवट असतो. चांद्रायण व्रतात चंद्रकलेबरोबर घास कमी-अधिक होतात, आणि महिना भरला की व्रत संपते. व्रत पुरे केलेला मनुष्य पुन्हा व्यवहारास योग्य होतो. अपराधभावनेला मात्र असा महिना नसतो. कृत्य कोणते, हे ती विसरलेली असते आणि शिक्षा तेवढी भोगावयास लावते.

प्रस्तुत लेखकाचा अनुभव येथे सांगणे अस्थानी होणार नाही. मातोश्रींच्या अखेरच्या आजारात एका रात्री मी शेजारच्या खोलीत एका पुस्तकाची मुद्रिते तपाशीत बसलो होतो. त्यांनी हाक मारली. ‘आलो,’ असे मी म्हणालो आणि पान पुरे करूनच उठलो. तोवर त्यांना झोप लागली होती, आणि त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. पुढे सहा वर्षे मी एक ओळही लिहिली नाही. ते प्रायश्चित्त आहे, अशी माझी समजूत होती. हाकेसरशी न उठणे हा माझा अपराध होता, लिहिणे हा नव्हे, एवढे समजावयास मला ती सहा वर्षे लागली. लेखन सोडून मी त्या हाकेला उत्तर दिले नव्हते; उलट घरातील इतरांच्या हाका मला पूर्वीपेक्षाही कमी ऐकू येत होत्या.

हुबळी आणि धारवाड यांच्या दरम्यान वसलेल्या नवनगरात राहणाऱ्यास या संदर्भात गंगूबाई हनगल यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. त्यांचा जन्म १९१३ साली धारवाडास झाला. मातोश्री अंबाबाई या कर्नाटक संगीत गाणाऱ्या. मुलीस हिंदुस्थानी संगीताचे शिक्षण मिळावे म्हणून हे कुटुंब १९२८ साली हुबळीस आले, आणि आपल्या गाण्याची छाया मुलीच्या गायकीवर पडू नये म्हणून अंबाबाईंनी स्वतःचे गाणे बंद केले. १९३२ साली त्या निवर्तल्या. ज्या कन्येसाठी आईने आपला सूर मिटविला, तिच्यावर केवढे हे ऋण! या ऋणाचे ओझे होऊन गळा दाटून यावा, यात नवल वाटले नसते. गंगूबाईंच्या मनात काय चालले असेल, याची कल्पना करण्याचा आपणांस अधिकार नाही. त्यांनी काय केले, ते मात्र सर्वश्रुत आहे. प्रपंच सांभाळून त्या आगगाडीने कुंदगोळास जात आणि सवाई गंधर्वांपाशी शिकत. पुढे घशावरील शस्त्रक्रियेनंतर त्यांचा पूर्वीचा बारीक, उंच आवाज गेला आणि भारदस्त, पुरुषी म्हणावा असा आवाज आला. गेलेल्या आवाजाचा शोक करीत न बसता आलेल्या आवाजास त्यांनी आपले गाणे शिकविले. त्याच आवाजात त्या २००६ सालापर्यंत गायल्या. ऋण फेडण्याचा एक मार्ग स्वतःस मुके करण्याचा, आणि दुसरा मनापासून गाण्याचा. अंबाबाईंच्या त्यागाचे सार्थक दुसऱ्याच मार्गाने होण्यासारखे होते.

निर्मितीचा आनंद म्हणजे कर्तव्यातून केलेली चोरी, ही समजूत आपल्या परंपरेसही मान्य नाही. मम्मटाने काव्याची सहा प्रयोजने सांगितली. त्यांत यश आणि धन आहे, व्यवहारज्ञान आहे, अमंगलाचा नाश आणि उपदेशही आहे. परंतु या सर्वांचा मुकुटमणी म्हणून त्याने गौरविले, ते तत्काळ लाभणाऱ्या परमानंदास. हेमचंद्राने तर हा आनंद रसिकाबरोबर कवीचाही आहे, असे स्पष्टच म्हटले. ज्यास शास्त्रकारांनी काव्याच्या प्रयोजनांत अग्रस्थान दिले, त्याची लेखकाने लाज का बाळगावी?

तथापि हा आनंद आज्ञा करून परत येत नाही. मोठ्या संकल्पाने तर तो अधिकच दूर जातो. कारण ‘वाया गेलेली वर्षे भरून काढीन’ या प्रतिज्ञेत जुनी शिक्षाच वेषांतर करून आलेली असते. किराणा घराण्याची आलापी येथे मार्गदर्शक ठरावी. त्या गायकीत राग एकदम मांडीत नाहीत. एकेक स्वर घेऊन, त्यावर विसावून, सावकाश बढत करतात. दीर्घ खंडानंतर लिहू पाहणाऱ्यानेही असाच एखादा स्वर धरावा. अंगणातील झाडाचे वर्णन, जुन्या शब्दाची आठवण, कोणास दाखवावयाचे नाही असे एखादे पान एवढ्याने आरंभ होतो. प्रकाशनाचा, पृष्ठसंख्येचा आणि लोकांच्या मताचा हिशेब त्या वेळी बाजूस ठेवावा. खऱ्या अपराधाची भरपाई अर्थात वेगळी करावी लागते; ती माणसांशी वागण्यात करावी, वहीवर सूड उगवून नव्हे.

माझ्यापुरते सांगावयाचे तर सहा वर्षांनंतर मी लिहिलेले पहिले पान आईच्या स्वयंपाकघराविषयी होते. ते चांगले साधले नव्हते. परंतु लिहिता लिहिता तिच्या हातची भाकरी थापण्याची लय आठवली, आणि कित्येक दिवसांनी मला हसू आले. इतक्यात आतून कोणी हाक मारली. वाक्य अर्धे टाकून मी उठलो. परत आलो, तेव्हा ते वाक्य तेथेच माझी वाट पाहत होते.